मदत हवी आहे: हिब्रू 'काली' म्हणजे हुरडा की लाह्या? (तातडीचं)

बोरूबहाद्दर
मंडळी, बायबलातल्या हिब्रूत 'काली' असा धान्याचा एक शब्द आहे. मराठीत त्याला हुरडा म्हणायचं की लाह्या? शुक्रवारी पानं छपाईला जायची आहेत आणि चित्रकार दिवसातून दोनदा फोन करतोय. गूगल करून झालंय, कृपया तो सल्ला नको. एका शब्दात उत्तर दिलंत तरी चालेल.

चौकसकाका
कसली पानं? चित्रकार कशाला? आणि बायबलात कुठे? एवढं मोठं पुस्तक आहे, अध्याय तरी सांगा.

जोगवा
काली हे कालाचं स्त्रीरूप. काळाला गिळणारी ती काली. बंगालात दिवाळीच्या रात्री तिची पूजा होते, तेव्हा धान्याचाही नैवेद्य असतोच. संबंध तिथून आला असावा.

बोरूबहाद्दर
जोगवा, देवी नाही हो! हा 'क' घशातून येतो, अक्षर कोफ. धान्याचाच शब्द आहे.
काका, मुलांसाठी बायबलातल्या रूथची गोष्ट करतेय. दुसऱ्या अध्यायात दुपारच्या जेवणाला शेताचा मालक बवाज तिला बोलावतो, भाकरी शिरक्यात बुडवून खा म्हणतो आणि तिच्यापुढे 'काली' ठेवतो. आजीच्या जुन्या मराठी बायबलात 'हुरडा' छापलंय. चित्रकार सोलापूरचा. त्याने गोवऱ्यांची आगटी, ज्वारीची कणसं, शेजारी दही आणि शेंगदाण्याची चटणी असं रंगवून पाठवलं. चित्र बघून भूक लागली, पण बेथलेहेमात ज्वारी कुठून आली?

चौकसकाका
हे आधी लिहिलं असतं तर देवीपर्यंत गेलो नसतो.

रानपाखरू
शेंगदाण्याची चटणी तर काढाच. शेंगदाणा अमेरिका खंडातला. बवाजच्या काळात तो आपल्याकडेही नव्हता.

बांधावरचा
हुरडा नाही. आमच्याकडे दरवर्षी होतो म्हणून सांगतो. दाण्यात दूध भरून तो घट्ट व्हायला लागला, पण नखाने अजून दबतो, तेवढेच आठ-दहा दिवस हुरड्याचे. रूथ आली तेव्हा शेतात विळे चालले होते ना? विळा लागला म्हणजे दाणा कडक. त्या दिवशी कुणी हुरडा मागितला तर पाहुणा उशिरा आला म्हणायचं.

रविवारची_शाळा
बांधावरचा यांच्याशी असहमत. बायबलातलंच लेवीय हे पुस्तक, २:१४ काढा. पहिल्या पिकाचं अर्पण करायचं ते 'आवीव कालुय बाएश', म्हणजे हिरवी कणसं विस्तवावर भाजून. हा हुरडा नाही तर काय? जुन्या भाषांतरकारांना शेती कळत होती. उगाच शब्द बदलू नका.

लोदची_सून
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. सासर इस्राएलमधल्या लोदला, आजोळ अलिबागकडचं. तुम्ही दाखवलेल्या ओवीत हिरवेपणा 'आवीव' या शब्दात आहे. 'कालुय' म्हणजे नुसतं भाजलेलं. आजही इथे कॉफीच्या पाकिटावर 'कालुय' छापलेलं असतं, आणि ती कॉफी काही हिरवी नसते. शिवाय लेवीय २३:१४ मध्ये भाकर, काली आणि कर्मेल अशी तीन नावं वेगवेगळी येतात. त्यातलं ताजं, कोवळं ते कर्मेल. मग काली वेगळी असणार.

रविवारची_शाळा
पण मग आजीच्या बायबलात हुरडा का छापला?

लोदची_सून
कारण मराठी माणसाला शेतात बसून खायचं भाजलेलं धान्य म्हटलं की हुरडाच आठवतो. भाषांतर म्हणून गोड आहे. चित्र काढायला बसलं की अडतं.

सातूप्रेमी
सगळे विसरताय. उत्तर सोपं आहे: सातूचं पीठ. ग्रीक भाषांतरात इथे 'आल्फितॉन' आहे, म्हणजे भाजलेल्या जवाचं भरड पीठ. संत जेरोमच्या जुन्या लॅटिन भाषांतरात 'पोलेंता'. रूथ आली तीही सातूच्या, म्हणजे जवाच्याच, हंगामात. गूळ आणि दूध घालून खाल्लं असणार. मी उन्हाळाभर हेच खातो, पित्ताचा त्रास गेला. कृती हवी असल्यास देतो.

लोदची_सून
पीठ नाही. २ शमुवेल १७:२८ वाचा. दावीद रानात पळालाय, लोक त्याला गहू, जव, 'केमाह', 'काली', पावटे, मसूर आणून देतात. केमाह म्हणजे पीठ. ते एकदा दिल्यावर कालीही पीठच कशी?

सातूप्रेमी
एक बारीक पीठ, एक जाडंभरडं. आमच्या घरातही दोन डबे आहेत.

खमंग
त्याच ओवीत 'काली' दोनदा येतं! एकदा पिठानंतर आणि पुन्हा मसुरानंतर. दुसऱ्यांदा म्हणजे भाजलेली कडधान्यं, असा अर्थ काही जण लावतात. म्हणजे फुटाणे. चित्रात फुटाणे काढा, पोरांना लगेच कळतील.

बोरूबहाद्दर
अहो, हुरडा आणि लाह्या असे दोन पर्याय घेऊन आले होते. आता सातूचं पीठ आणि फुटाणे धरून चार झाले. चित्रकाराला काय सांगू?

दापोलीकर
अवांतर: लोदताई, तुमच्यात मलिदा करतात ना? पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. पोहेसुद्धा धान्य भिजवून, भाजून, कांडूनच होतात. मी लहानपणी शेजाऱ्यांकडे खाल्लाय. इस्राएलमध्ये तसे पोहे मिळतात का?

लोदची_सून
मिळतात. एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाचा, मलिदा इथेही होतो. पण बवाजच्या शेतात पोहे नव्हते, तांदूळच नव्हता. :)

पेठेतला_वाचक
पंडिता रमाबाईंचं भाषांतर बघा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये निघालं. छपाईचे खिळे जुळवायलाही मिशनमधल्याच बायका होत्या. आपल्याकडे याचं कौतुक फारसं होत नाही, ते का, यावर स्वतंत्र धागा काढायला हवा.

चौकसकाका
त्यात रूथ २:१४ ला काय शब्द आहे?

पेठेतला_वाचक
प्रत जवळ नाही.

चौकसकाका
मग राव!

बांधावरचा
अजून एक. दावीदाचा बाप त्याला भावांकडे छावणीत पाठवतो तेव्हा एफाभर काली देतो. एफा म्हणजे साधारण बावीस लिटर. एवढा हुरडा पोत्यात भरून लढाईवर नेला तर दुसऱ्या दिवशी आंबेल. रूथनेही पोटभर खाऊन उरलेलं सासूला, नामीला नेलं. टिकतं ते कोरडं धान्य. माझं मत: पक्के दाणे, खापरावर भाजलेले. शिदोरी म्हणा.

लाजाळू
मग लाह्याच की.

बांधावरचा
लाही फुटते ज्वारीची, मक्याची, भाताची. जव तसा फुटत नाही. आहे का कुणाकडे जव?

खमंग
माझ्याकडे आहे, सालासकटचा. नवरात्रात घटाला आणलेला उरलाय. थांबा, तवा तापवते.

घाटमाथा
पुढील लेखनास शुभेच्छा. हुरडा पार्टीचे दर यंदा कुणाला माहीत आहेत का?

खमंग
झालं. दोन मुठी घेतल्या. मंद आचेवर सात-आठ मिनिटांत दाणे फुगीर झाले, रंग गव्हाळ, एखाददुसरा तडतडला, लाही एकही नाही. वास मात्र अगदी ताज्या भाकरीच्या पापुद्र्याचा. तोंडात टाकले तर साल टोचली. मग तळहातावर घेऊन चोळले आणि फुंकर मारली, बरंचसं साल उडून ओट्यावर. (सासूबाई बघत होत्या.) आत दाणा खुसखुशीत. मीठ लावून खाल्ले. फुटाण्याचं मत मी मागे घेते, निदान या गोष्टीपुरतं.

सातूप्रेमी
आता तेच दळा. सातूचं पीठ होईल.

रविवारची_शाळा
लेवीय २:१४ साठी हुरडा राहील, रूथसाठी नाही, एवढं मी मान्य करतो. आजीच्या बायबलाला मात्र चूक म्हणू नका.

बोरूबहाद्दर
आजीला कोण चूक म्हणेल! मजकुरात 'भाजलेले सातू' लिहिते आणि खाली बारीक टीप: जुन्या मराठी बायबलात इथे हुरडा.
खमंग, तुमचा तळहात आणि फुंकर चित्रकाराला सांगितली. आगटी सोडायला तयारच नव्हता, तासभर वाद घातला. शेवटी आगटी राहिली, तिच्यावर खापर आलं, ज्वारी, दही आणि चटणी गेली. रूथ हातावर दाणे चोळून फुंकतेय आणि साल उडतेय. कच्चं रेखाटन रात्री आलंय. त्यात साल बवाजच्या दाढीत अडकलीय. ठेवतेय तशीच.