पूल टेबल : एमडीएफ की स्लेट?

कोथरूडकर_७: सोसायटीच्या क्लबहाऊसमधलं टेबल पावसाळ्यात फुगलं. चेंडू हलके मारले की आपोआप डाव्या खिशाकडे वळतात. नवीन घेताना काय बघू?

खडूवाला: एमडीएफचं असणार, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचं. ओल धरतं ते. स्लेटच घ्या, म्हणजे आपल्या पाटीचाच दगड, पण इंचभर जाड. 8 फुटी टेबलाला तीन तुकडे, मिळून साधारण 200 किलो. लिफ्टचं आधी बघा!

मी नऊ वर्षं टेबलं बसवली. तुकडे लेव्हल करायचे, मग सांध्यात वितळलेलं मेण ओतायचं आणि पात्याने खरवडायचं. सांध्यावरून नख फिरवायचं. अडकलं की पुन्हा. माझा अर्धा दिवस यातच जायचा. कापड त्यानंतर, चांगलं ताणून.

कोथरूडकर_७: आणि कडेचं रबर?

खडूवाला: त्याचं टोक चेंडूच्या व्यासाच्या 63.5 टक्के उंचीवर हवं. 57 मिमीच्या चेंडूला साधारण 36 मिमी. खाली बसलं तर चेंडू उडतो.

सदाशिवपेठी: 200 किलो? आमच्या वाड्याचा जिना आत्ताच कण्हतोय. आम्ही आपले कॅरमवालेच बरे.

खडूवाला: बोरिक पावडर तेवढी टेबलाजवळ आणू नका म्हणजे झालं.