जेम्स व्हिटकॉम्ब रायली : गावचा कवी की गावाचं सोंग आणणारा?

केळीचा_घड (धागाकर्ती)
इंडियानात येऊन आम्हाला आठ वर्षं झाली. परवा लेकीला शाळेतून एक कविता पाठांतराला मिळाली, 'लिटल ऑर्फन्ट अ‍ॅनी'. लेक पहिल्याच शब्दांवर अडून बसली. "आई, यातली स्पेलिंगं सगळी चुकलीयेत. ऑर्फनला टी कुठून आला?" म्हटलं, चुकलेली नाहीत बाई, दीडशे वर्षांपूर्वी इथल्या खेड्यात असंच बोलायचे.

कवी जेम्स व्हिटकॉम्ब रायली (१८४९–१९१६), इथला लाडका 'हूझियर पोएट'. हूझियर म्हणजे इंडियानाचा माणूस. रविवारी त्याच्या गावी, ग्रीनफील्डला जाऊन आलो. कोर्टासमोर त्याचा पुतळा आहे, शाळकरी पोरांनी नाणी गोळा करून उभारलेला. तो वारला तेव्हा अंत्यदर्शनाला 35,000 माणसं रांगेत उभी होती. कवीसाठी! आणि आज अमेरिकन कवितेच्या चर्चेत त्याचं नाव निघालं की लोक गालात हसतात. मला तरी कारण एकच दिसतं, भाषा गावठी. आपण बहिणाबाईंना डोक्यावर घेतो, मग यानेच काय घोडं मारलंय?

पांढरीचा_पाटील
बहिणाबाईंना यात ओढू नका, ताई. मी जळगावकडचा, म्हणून जरा जास्त लागलं. त्या माउलीने स्वतःच्या तोंडची भाषा जात्यावर आणि शेतात गायली. लिहिता येत नव्हतं, दुसऱ्यांनी उतरवून घेतलं.

तुमचा रायली वकिलाचा मुलगा. नांगर कधी धरला नाही. बापाने कायद्याच्या पुस्तकांसमोर बसवला, तर हा औषधं विकणाऱ्या एका वैदूच्या गाडीवर बसून पळाला आणि गावोगाव पाट्या रंगवत फिरला. गर्दी जमावी म्हणून आंधळ्याचं सोंग घेऊन पाटी रंगवायचा! 1877 मध्ये स्वतःची एक कविता प्रसिद्ध अमेरिकन कवी एडगर अ‍ॅलन पोची सापडलेली कविता म्हणून इंडियानातल्याच कोकोमो गावच्या पेपरात छापवून आणली. बिंग फुटलं, नोकरी गेली. पुढे 1882 मध्ये काय केलं? 'बून परगण्यातला शेतकरी बेंजामिन जॉन्सन' या नावाने बोलीतल्या कविता छापायला लागला. आधी आंधळा, मग पो, मग शेतकरी. भाषा गावठी म्हणून कोणी हसत नाही, सोंग दिसतं म्हणून हसतात.

दोन_बोटं_चहा
मी इंडियानापोलिसला तीन वर्षं काढली. रायली हॉस्पिटल रोज जाता-येता दिसायचं. मला इतके दिवस वाटत होतं की रायली हा कोणी मोठा मुलांचा डॉक्टर असणार. चालू द्या.

केळीचा_घड
@दोन_बोटं_चहा 😄 त्याच्याच नावाने 1924 मध्ये सुरू झालं ते.

@पाटील, पोचं प्रकरण लबाडीच होती, मान्य. पण जॉन्सनचा मुखवटा त्याने फार दिवस ठेवला नाही. 1883 च्या पुस्तकावर जॉन्सनसोबत त्याचं स्वतःचं नावही होतं. आणि पाट्या रंगवत फिरला म्हणता ना, तिथेच तर कान तयार झाला! दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याची बोली वकिलाच्या कचेरीत ऐकू येत नाही.

भोपळ्यावर दहिवर गोठलेल्या सकाळची त्याची ती कविता मोठ्याने वाचून बघा. मक्याची ताटं कापून, शेतातच पेंढ्या टेकवून उभी केलेली बुचाडं. टर्कीचा घोळदार आवाज, गिनी कोंबड्यांचा कलकलाट, कुंपणावर चढून कोंबड्याने दिलेली 'हॅलिलूयर', म्हणजे हॅलेलुया, देवाचा जयजयकार. आणि मक्याच्या तुऱ्यांची सळसळ अशी की 'हस्की, रस्टी, रसल, टॉसल्स' म्हणताना तोंडातच वाळलेली पानं घासल्यासारखी वाटतात. हे बसल्या जागी सुचत नाही हो.

उकार_वेलांटी
स्पेलिंगच्या मुद्द्यावर कोणी बोलेना म्हणून मी घुसतो.

त्या 'अ‍ॅनी'तल्या एका कडव्याची सुरुवात घ्या : 'वन्स्ट दे वझ अ लिटल बॉय'. 'वन्स'ला शेवटी ट लावून लोक खरंच बोलायचे. हा कानाने टिपलेला शब्द. 'ऑर्फन्ट'चा टी त्यातलाच. 'देअर'चं 'दे' हेही खरं. पण 'वझ' बघा. तो डब्ल्यू-यू-झेड लिहितो. अहो, शिकलेला माणूस डब्ल्यू-ए-एस लिहून बोलताना 'वझ'च म्हणतो! उच्चारात काडीचा फरक नाही. फरक फक्त कागदावर, वाचणाऱ्याला बोलणारा अडाणी दिसावा म्हणून. एकाच ओळीत खरी बोलीही आहे आणि नुसता वेषही आहे.

आपल्याकडे ही सोय फारशी नाही. देवनागरीत 'व्हता' लिहिलं की ते 'होता'पेक्षा वेगळंच ऐकू येतं. म्हणून बहिणाबाईंशी तुलना मला पटत नाही, आणि पाटलांचं 'सगळंच सोंग' हेही पटत नाही. ओळ-ओळ तपासावी लागेल.

पांढरीचा_पाटील
बघा, आता व्याकरणवालेही निम्मे माझ्या बाजूला आले. माझा मोठा आक्षेप तर पुढेच आहे. 1880 आणि 90 च्या दशकात त्या भागातला शेतकरी कशात होता? धान्याचे भाव पडलेले, रेल्वेचं भाडं चढं, जमीन गहाण. त्यातूनच शेतकऱ्यांचा स्वतंत्र पक्ष उभा राहिला. आणि रायलीच्या शेतात काय? सफरचंदाचे ढीग. सावकार कुठे आहे? गाव सोडून शहरात गेलेल्यांना जे गाव आठवायला आवडतं, ते त्याने व्यासपीठावरून तिकीट लावून विकलं. नट भारी होता, यात वाद नाही. त्याने म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या आवाजात सांगितलेला एक किस्सा मार्क ट्वेनला आपण ऐकलेल्यांतला जवळजवळ सगळ्यात गमतीदार वाटला होता. पण नट तो नटच.

मुक्काम_डेटन
मी शेजारच्या ओहायोत. इथे डेटनला पॉल लॉरेन्स डनबार होता (1872–1906). आईबाप केंटकीतले पूर्वीचे गुलाम. हा लिफ्ट चालवायचा आणि कविता लिहायचा. त्याला सुरुवातीला शाबासकीचं पत्र लिहिणाऱ्यांत रायली होता, हे रायलीच्या पदरात टाका.

पण पुढचं ऐका. डनबार प्रमाण इंग्रजीतही उत्तम लिहायचा. लोकांना मात्र त्याच्याकडून बोलीतलंच हवं होतं, काळ्या माणसाची 'गंमतशीर' बोली. जगाने माझी कौतुकं केली ती मोडक्या जिभेच्या खुळखुळ्यासाठी, असं त्याने स्वतःच एका कवितेत लिहून ठेवलंय. 33 व्या वर्षी गेला. रायली कार्यक्रम संपला की बेंजामिन जॉन्सन खुंटीला टांगून लॉकर्बी स्ट्रीटवरच्या घरात जाऊन झोपायचा. डनबारला मुखवटा काढायला जागाच नव्हती. बोली कोणाची, यापेक्षा ती उतरवून ठेवायची मुभा कोणाला, हे मला जास्त टोचतं.

पांढरीचा_पाटील
हे माहीत नव्हतं. डनबार वाचतो.

केळीचा_घड
@डेटन, यावर माझ्याकडे उत्तर नाही. रायलीला येल विद्यापीठाने मानद पदवी दिली तीही आठवली, आणि जास्तच टोचलं.

@पाटील, पण तुमच्या सावकाराचं सांगते. काल आईला फैजपूरला व्हिडिओ कॉल लावला होता. लेकीने कविता म्हटली, मी मधे-मधे अर्थ सांगत होते. अ‍ॅनी आमच्या घरी राहायला आली, कपबशा धुते, अंगणातल्या कोंबड्या हाकलते, चूल पेटवते, पाव भाजते. आई म्हणाली, "म्हणजे पोटावर ठेवलेली पोर ना ही?" मी वही पुन्हा पाहिली. चौथ्याच ओळीत 'बोर्ड-अ‍ॅन-कीप' लिहिलंय. नुसत्या जेवणाखाण्यावर राबणारी पोर! यादवी युद्धाच्या दिवसांत रायलीच्याच घरी अशी कामाला आली होती, मेरी अ‍ॅलिस स्मिथ. तिच्याच तोंडून त्याने भुताच्या गोष्टी ऐकल्या. मी इतक्यांदा वाचून मला दिसलं नाही, आईला एका दमात दिसलं.

पांढरीचा_पाटील
काकूंना नमस्कार सांगा. शब्द आहे खरा. पण चार ओळींत ते उरकून गडी भुतांकडे वळला ना!

केळीचा_घड
लहान पोराच्या तोंडची कविता आहे ती, पाटील. ते पोर भुतांकडेच वळणार.