पासष्ट वर्षांचा आयझॅक

'अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ सालीच संपली, मग पत्रकारांना कॉलेजात बोलावून आता ती कशाला उकरायची?' असं काहीजण विचारतात. सगळीकडचं सोडा, वॉशिंग्टनमधल्या एकट्या जॉर्जटाउन विद्यापीठाचं घ्या.

१८३८ साली हे कॉलेज चालवणाऱ्या मेरीलँडच्या जेझुइट (एका कॅथलिक संघाच्या) पाद्र्यांनी गुलाम म्हणून ठेवलेली २७२ माणसं १,१५,००० डॉलरला लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकली. कॉलेज कर्जात बुडालं होतं, पहिल्या हप्त्याचा मोठा भाग तिकडेच गेला. कुटुंबं तोडू नका, पैसा कर्जफेडीला वापरू नका, असं रोमहून वरिष्ठांनी बजावलेलं; दोन्ही धाब्यावर बसवलं. खरेदीखतात पहिलंच नाव आयझॅक, वय ६५. त्या वयाच्या माणसाचाही भाव ठरवला होता, म्हणजे बघा. आणि कॉलेजच्या वसतिगृहाला नाव कुणाचं होतं? हा व्यवहार करणाऱ्या पाद्री मलेडींचं!

२०१६ साली रेचल स्वार्न्स या पत्रकार बाईंनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये हे सविस्तर मांडलं आणि चक्रं आणखी वेगानं फिरली. २०१७ साली त्या इमारतीला आयझॅकचं नाव मिळालं. (पाटी बदलायला पैसे फारसे लागत नाहीत, हेही खरं.) २०१९ साली विद्यार्थ्यांनी मतदान करून विकलेल्या माणसांच्या वंशजांसाठी दर सत्राला २७.२० डॉलर द्यायची तयारी दाखवली. रक्कम त्या २७२ वरूनच ठरवलेली. विद्यापीठाने मात्र ती फी लावलीच नाही, देणग्यांतून निधी उभारू म्हणाले.

तेव्हा 'उकरणं' म्हणताय ते मला तरी जुन्या वहीतली थकबाकी वाचून दाखवणं वाटतं. आणि ती वही कॉलेजच्याच कपाटात होती.