शकुंतलेच्या आठवणी: तुम्हीही लिहा

शकुंतला म्हणजे विदर्भातली आपली छोटी रेल्वे. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मुख्य लाइनीवर आणून मुंबईला धाडायचा, एवढ्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाइन पडली. मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या तरी ही कंपनीचीच राहिली, चालवायची मात्र मध्य रेल्वे. आता दोन्ही फाटे बंद आहेत. कापसाचं सगळ्यांनी लिहिलंय. माणसांचं राहून गेलंय. गावोगावच्या काही आठवणी खाली आहेत, तुमचंही लिहा.

दर्यापूर
आमचं स्टेशन बनोसा. आजीचं माहेर लाखपुरीकडे. ती धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) झपाझप येताना दिसली की डब्यातून कोणीतरी ओरडायचं, "थांबा ना बाप्पा, बुढी येऊन राह्यली!" आणि गाडी थांबायची. पुढे माणसं कमी केली तेव्हा फाटकंसुद्धा गाडीतलेच कर्मचारी बंद करायचे. गाडी फाटकापाशी उभी राही, एकजण उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे गेली की ते उघडून धावत येऊन पुन्हा चढे. आजी त्या माणसासाठी पदराला गूळ-शेंगदाणे बांधून न्यायची.

अंजनगाव सुर्जी
आमचा पानमळा होता. पहाटे पानांच्या टोपल्यांवर ओलं गोणपाट टाकून बाबा स्टेशनवर नेत. गाडी हळू चालते म्हणून लोक नावं ठेवायचे. अचलपूर ते मूर्तिजापूर जेमतेम ७६ किलोमीटर आणि चार तास, हे खरं आहे. पण पानाला धक्का लागत नसे. ट्रकनं माल जाऊ लागल्यावर खालच्या थरातली पानं काळी पडायला लागली, तेव्हा बाबांना गाडीची किंमत कळली. पानपिंपळीचं (औषधी लांब मिरीचं) तसं नाही, ती वाळवलेली असते, कशीही जाते.

कारंजा (लाड)
१९९४ साली वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं. त्याआधीची शिट्टी मला अजून ऐकू येते. लांबलचक, शेवटी जरा चिरकणारी. घड्याळ नसलेल्या शेतमजूर बायका त्या शिट्टीवर भाकरी सोडायच्या.

शेंदुर्णी (जळगाव)
शकुंतला नाही, पण आमच्या पाचोरा-जामनेर 'पीजे'ची जात तीच. ५६ किलोमीटर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. कॉलेजची तीन वर्षं मी तिच्या दारात बसून काढली. ब्रॉडगेज येणार याचा आनंद आहेच, पण दारात पाय सोडून बसणं त्यात नसणार.

दारव्हा
मोतीबाग स्टेशनच्या मागे आमचं घर. आईचं माहेर कारंज्याला. आईला एसटी लागते. दहा मिनिटांत पोटात ढवळतं, लिंबू हुंगूनही फरक पडत नाही. गाडीत कधी त्रास झाला नाही. त्यामुळे ती एकटी जायची, तिकिटाचे पैसे रुमालाच्या गाठीत, डब्यात मेथीचे पराठे. मामा स्टेशनवर सायकल घेऊन उभा असे. गाडी बंद झाल्यावर अर्ज केले, निवेदनं दिली, कुणी दाद घेतली नाही. आता ती कारंज्याला फक्त लग्नाला जाते, आणि आम्ही कुणी गाडी केली तरच.