खेळातील शत्रू-संस्कृतीची नव्याने मांडणी कशी करावी?

धागाकर्ता

मी चालवत असलेल्या रोलप्लेइंग मोहिमेत, म्हणजे प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो अशा कथाखेळात, उत्तरेच्या खिंडींपलीकडे ऑर्क या राकट काल्पनिक जमातीच्या टोळ्या राहतात. हिवाळ्याच्या तोंडाशी खाली उतरायचे, धान्याची कोठारे लुटायची आणि खेळाडूंच्या हातून मरायचे, एवढेच आजवर त्यांचे काम होते. आता एका खेळाडूला ऑर्कचेच पात्र घ्यायचे आहे. त्या पात्राचे आईवडील कोण, त्याला कोणते देव ठाऊक आहेत, लहानपणी तो काय शिकला, या त्याच्या साध्या प्रश्नांना माझ्या जगात उत्तरेच नाहीत. ही संस्कृती नव्याने घडवायची माझी मनापासून इच्छा आहे. परंतु सगळे शत्रू समजूतदार निघाले तर धोका कोठून यायचा, आणि खेळात घडून गेलेल्या लुटींचे काय करायचे?

कडेकपारी

घडलेल्या लुटी पुसू नका. त्या का घडल्या, याचा शोध घ्या. ग्लोरॅन्था या काल्पनिक खेळजगातले ट्रोल, म्हणजे तिथली राक्षसी जमात, मला यासाठी आदर्श वाटतात. १९८२ साली ‘रूनक्वेस्ट’ या रोलप्लेइंग खेळासाठी निघालेल्या ‘ट्रोलपॅक’ या पुरवणीने त्यांना इतिहास, पुराणकथा आणि रीतिरिवाज दिले. त्या कथेनुसार ते पाताळातल्या काळोखात सुखाने नांदत होते. सूर्यदेव मारला गेला आणि मृतांच्या लोकात उतरला, तेव्हा त्याच्या प्रकाशाने त्यांचे घर होरपळले आणि त्यांना भूपृष्ठावर पळून यावे लागले. जगावर अंधार पसरवणारा तो मृत्यू ट्रोलांच्या दृष्टीने त्यांच्या घरावरचे आक्रमण ठरतो. तरीही ते निरुपद्रवी झालेले नाहीत, माणूस आजही त्यांच्या आहारात बसतो. म्हणजे कारण कळल्याने धोका संपत नाही, उलट तो ओळखीचा आणि म्हणून अधिक गंभीर होतो.

तुमच्या ऑर्कांकडेही असेच पाहा. ज्या सखल कुरणांवर ते हिवाळ्यात जनावरे उतरवत असत, तिथे गावांनी शेती केली असेल, तर तिथल्या कोठारातले धान्य ऑर्कांच्या लेखी त्यांच्याच जमिनीचे आहे आणि दरवर्षीची लूट म्हणजे थकलेल्या खंडाची, म्हणजे जमीनभाड्याची, वसुली आहे. गावकऱ्यांची बाजूही खोटी ठरत नाही, कारण आज तिथे पेरणारी पिढी त्याच मातीत जन्मली आहे.

निशाचर

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे. पण एक गंभीर शंका नोंदवतो. एकच जुना अन्याय साऱ्या समाजाला चिकटवला, तर ‘जन्मतः दुष्ट’ या साच्यातून सुटलेला ऑर्क ‘अन्यायग्रस्त, शूर आणि निसर्गाशी एकरूप’ या दुसऱ्या साच्यात जाऊन पडतो, आणि तिथेही तो व्यक्ती म्हणून उरत नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळासाठी २००४ साली आलेल्या एबेरॉन या काल्पनिक जगात ही अडचण चांगली हाताळली आहे. तिथे परलोकीच्या भीषण शक्तींना बंदिस्त ठेवणाऱ्या मोहरांची राखण करणारा प्राचीन पंथ ऑर्कांचा आहे आणि त्याच दलदलीच्या प्रदेशात त्या शक्तींना भजणारे ऑर्कही आहेत. वैर रक्तातून न येता श्रद्धेतून आणि निवडीतून येते, म्हणून खेळाडूंना समोरचा कोण आहे हे विचारावेच लागते. या खेळाच्या प्रकाशकांनीही जून २०२० मध्ये ऑर्क आणि ड्राऊ (भूगर्भात राहणारे एल्फ) यांना इतर समाजांइतकेच नैतिक व सांस्कृतिक वैविध्य देण्याची भूमिका जाहीर केली, मात्र त्या दिशेने पुष्कळ काम आधीच झाले होते.

म्हणून तुमच्या टोळ्यांमध्ये आपसांत मतभेद असू द्या, आणि ते माणसांविषयीच असावेत असेही नाही. वारसा कोणाचा, मृतांचे काय करायचे, कोणत्या देवाने आपल्याला टाकले, यांवरही ते भांडतील.

फासेकरी

मला नियमांविषयी बोलायचे आहे, कारण पार्श्वभूमी कितीही समृद्ध केली तरी अनुभवगुण (पात्राची प्रगती ठरवणारे गुण) मारण्यासाठीच मिळत असतील, तर खेळाडू मारतच राहतील. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या बेसिक संचात दोन सहापैलू फाशांवर समोरच्यांची पहिली प्रतिक्रिया ठरवता येत असे: २ पडले तर थेट हल्ला, १२ पडले तर उत्साही मैत्री, आणि मधला बराच भाग अनिश्चिततेचा. मनोधैर्याची चाचणीही होती. पहिला साथीदार पडल्यावर किंवा निम्मी तुकडी निकामी झाल्यावर शत्रू पळ काढू शकत किंवा शरण येत. शिवाय बहुतांश अनुभवगुण खजिन्यातून मिळत, त्यामुळे लढाई टाळणे शहाणपणाचे ठरे. या तिन्ही गोष्टी आजच्या कोणत्याही नियमसंचात सहज बसवता येतात.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खंडाची कल्पना मी स्वीकारतो. एक टोळी तो वाटाघाटीने मागेल, दुसरी कुरणे परत मिळवण्यासाठी गावे जाळायला निघेल, आणि तिसरीला खाली उतरणेच धर्मबाह्य वाटेल. नव्या पात्राची टोळी कोणती, हे मी ठरवावे की खेळाडूने?

निशाचर

टोळी खेळाडूने निवडावी, आणि त्याने ती का सोडली हेही त्यानेच लिहावे. तुम्ही फक्त त्याच टोळीतला, त्याच्यावर अजून माया असलेला एक नातेवाईक तयार ठेवा आणि त्याला पुढच्या लुटीचे नेतृत्व द्या.