महाकाव्य फक्त लेखणीतूनच उतरतं काय?

तेरेखोलकाठ
'सर्गबंध' यांनी काल लिहिलं: "महाकाव्य म्हणजे एका कवीने एकट्याने बसून उभारलेली लिखित वास्तू. तोंडी परंपरा ही नुसती दगडमाती. गोव्याशी नातं सांगणारं खरं महाकाव्य एकच, पोर्तुगीज कवी कामोंइशचं 'लुझियादश'. बाकी आपल्याकडे सगळी लोककला." आधी सोडून दिलं होतं. पण डोक्यातून जाईना. लांबेल, सांभाळून घ्या.

एकट्याने बसून? महाभारताचं पहिलं पर्व उघडा. नैमिषारण्यात शौनकांचं सत्र चाललंय, तिथे सूत उग्रश्रवा येतो आणि ऋषी त्याला गराडा घालतात, सांग म्हणून. तो सांगतो ते वैशंपायनाने जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितलेलं, आणि वैशंपायनाला ते व्यासांकडून मिळालेलं. मी तोंडातोंडी आलोय, हे ग्रंथ स्वतःच सांगतोय आणि तुम्ही त्याला वास्तू म्हणताय.

मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड हे अमेरिकन अभ्यासक १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात गेले. तिथले गुस्ले हे तंतुवाद्य वाजवून गाणारे गायक पाठ करून गात नव्हते, गाता गाता रचत होते. अव्दो मेजेदोविच या लिहितावाचता न येणाऱ्या गायकाने बारा हजारांवर ओळींचं एक काव्य सांगितलं. ठरलेली विशेषणं, ठरलेले अर्धे चरण, ठरलेले प्रसंग, हा त्यांचा माल. आपले 'महाबाहो', 'परंतप', 'कौन्तेय' याच कामाचे. आठ अक्षरांचा चरण भरायचाय, श्रोते समोर बसलेत, थांबायला वेळ नाही.

आणि हे बघायला युगोस्लाव्हिया कशाला? आमच्या पेडण्यात जत्रेला दशावतारी येतात. मालक आख्यान सांगतो, पात्रं वाटतो, संपलं. संवादाचा कागद नसतो. एका वर्षी सीतेची साडी काही नेसून होईना आणि रावण तर बाहेर आलेला. गडी त्या एकुलत्या एका बाकड्यावर चढला आणि कैलास उचलला तिथपासून सुरू झाला. दहा तोंडांनी दहा दिशांना काय काय पाहिलं ते सांगत राहिला. पेटीवाल्याने आतला अंदाज घेऊन सूर धरून ठेवला, मृदंगवाला योग्य जागी थाप देत होता. पडद्याजवळ बसलेल्या आम्हा चारपाच जणांनाच ठाऊक की हे सगळं साडीसाठी चाललंय. बाकीची जत्रा तल्लीन.

सर्गबंध
जागरणाबद्दल आभार. साडी नेसून होईपर्यंत ताणलेलं भाषण म्हणजे महाकाव्य असेल, तर आमच्या ग्रामसभेत दर खेपेला एक महाकाव्य होतं.

संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने 'काव्यादर्शा'त महाकाव्याची लक्षणं दिलीत: नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, युद्ध, नायकाचा अभ्युदय. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाला आठाहून जास्त सर्ग लागतात. ही मोजमापं कोणी उगाच लावली नाहीत. माघ कवीच्या 'शिशुपालवधा'त एकोणिसाव्या सर्गात सर्वतोभद्र बंध आहे. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, वरून खाली वाचा, श्लोक तोच. तुमच्या रावणाला बाकड्यावर उभं राहून तसला एक रचायला सांगा. कवीची कला म्हणजे खोडणं, परत लिहिणं, परत खोडणं. समोरच्याला गुंतवून ठेवणं हा वेगळा धंदा आहे, वाईट नाही, पण वेगळा.

शिवाय महाभारत व्यासांनी सांगितलं खरं, पण लिहून कोणी घेतलं? गणपतीने. सोयीस्कर विसरलात.

तेरेखोलकाठ
हेच हवं होतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत (१९१९ ला काम सुरू, १९६६ ला पूर्ण) ती गणपतीची गोष्ट मूळ संहितेत घेतलेलीच नाही. नंतरची भर म्हणून ती बाहेर. द्रौपदीने वस्त्रहरणात कृष्णाचा केलेला धावाही तसाच बाहेर. म्हणजे तुमचा लेखनिकसुद्धा कुठल्यातरी सांगणाऱ्याने मागाहून घातलेला!

सर्गबंध
आणि हे कळलं कशावरून? पोथ्या ताडून. कानाने चिकित्सित आवृत्ती केलीत का कोणी?

फोंड्याची सून
दोघेही ऐकणाऱ्याला विसरलात. माझ्या सासूबाईंना अक्षर लागत नव्हतं. श्रावणात घरी 'रामविजय' लागायचं. वाचायला येणारे गृहस्थ घाईत, पुढे आणखी दोन घरं असायची. युद्धाच्या वर्णनात पंधरावीस ओव्या गाळून ते थेट इंद्रजित पडल्यावरच्या सुलोचनेच्या विलापावर आले. सासूबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाब, सुलोचनेला सांगायला अजून कोणी गेलं नाही, तुम्ही रडताय कशाला?" गृहस्थ मुकाट्याने पानं मागे उलटू लागले. आता ह्याला लिखित म्हणायचं की तोंडी? पोथी छापील होती, पण पहारा सासूबाईंचा.

आणि सर्गबंध, रामायण तुम्हा दोघांनाही पुरून उरतं. वाल्मीकी रचतो, लवकुश गातात, आणि ऐकायला साक्षात कथानायक बसलाय.

रायतूरकर
माझा राग वेगळाच आहे. "एकच, लुझियादश"? कामोंइश १५५३ ला गोव्यात आला, काव्य १५७२ ला लिस्बनला छापलं, नायक वास्को द गामा आणि त्याचं दर्यावर्दी राष्ट्र. गोव्याला तर त्याने पत्रात बदमाशांची आई आणि सज्जनांची सावत्र आई म्हटलंय. हे आमचं महाकाव्य? आणि इथे राचोलला १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, त्याचं नावही नाही? सुरुवातीलाच नवख्रिस्ती श्रोत्यांतला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, आमची जुनी पुराणं सुटली, आता त्या जागी आम्हाला काही द्या. हा माणूस इंग्लंडहून आलेला, पण ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत मरीयेचं दुःख सांगतो. मराठीतलं महाकाव्य गोव्यात झालं, अगदी ठसठशीत.

मोगाचीं उतरां
आला मराठीचा झेंडा. वाटच बघत होतो. त्याच स्टीफन्सने कोंकणीचं व्याकरण लिहिलं, ते १६४० ला छापलं. ते कोणासाठी लिहिलं, कोल्हापूरकरांसाठी?

रायतूरकर
व्याकरण कोंकणीचं, पुराण मराठीत. प्रस्तावनेत त्याने स्वतः लिहिलंय की हे मराठीत आहे. भांडण संपलं.

मोगाचीं उतरां
पुढचं वाक्य गिळू नका. शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळणार नाही, म्हणून ब्राह्मणांच्या भाषेतले सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले, असंही तोच लिहितो. ब्राह्मणांची भाषा म्हणजे इथली कोंकणी. म्हणजे मराठी एकटीने भागेना, हे पाद्रीला सोळाशे सोळात कळलं होतं. तुम्हाला कोंकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा होऊनही कळलं नाही.

रायतूरकर
कायदा मध्ये आणू नका. त्या दिवसांत आमच्या घरात दोन भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत, मला शिकवू नका. देवळात पुराण कुठल्या भाषेत लागतं? कीर्तन कुठल्या भाषेत? कवी बा. भ. बोरकर दोन्हीकडचे, पण गांधींवर महाकाव्य करायला बसले ते 'महात्मायन' मराठीत.

मोगाचीं उतरां
आणि अपुरंच राहिलं.

सर्गबंध
एक मिनिट. हा मुद्दा माझा आहे. बोरकरांएवढ्या लय असलेल्या कवीचं महाकाव्य अपुरं राहतं, कारण भावगीताचा श्वास आणि सर्गांचा श्वास वेगळा असतो. तिथे बांधकाम लागतं.

तेरेखोलकाठ
किंवा समोर बसून "पुढे काय?" विचारणारा ब्राह्मण लागतो. स्टीफन्सला तो होता. माघाला नसेल, म्हणून तर तो श्लोक उलटसुलट फिरवत बसला.

सर्गबंध
माघावर घसरू नका. बरं, एवढं देतो: महाभारत माझ्या व्याख्येत बसत नाही. तसंही आपले जुने लोक त्याला इतिहास म्हणतात. घ्या, पेडण्याच्या जत्रेत फिरवा. पण 'रघुवंश' आणि 'लुझियादश' माझेच. कामोंइशचे दहा सर्ग, अकराशेवर कडवी, प्रत्येक आठ ओळींचं, यमकं एका साच्यात. बाकड्यावर होत नाही ते.

फोंड्याची सून
काय मोठं मन!

मोगाचीं उतरां
प्रस्तावनेबद्दल रायतूरकर गप्प झाले, हे सगळ्यांनी बघितलं ना?

रायतूरकर
जेवायला गेलो होतो. लिहून ठेवा: शब्द कोंकणी मिसळले असतील, पण छंद ओवीचा, घाट पुराणाचा, आणि मराठीला फुलांतली मोगरी म्हणणारी ओवी त्याचीच. आता बोला.

फोंड्याची सून
मोगरीची ओवी दर मराठी दिनाला ऐकते. कोंकणी दिनाला व्याकरणाचं साल ऐकते. आता दोघांनीही ती ओवी सोडून क्रिस्तपुराणातली दुसरी एक, कुठेही न बघता, इथे लिहा.

मोगाचीं उतरां
आधी रायतूरकर.

रायतूरकर
पुस्तक माळ्यावर आहे.

सर्गबंध
मलाही कामोंइशचं एक कडवं पाठ नाही. म्हणून तर छापतात, बाय.