मदत हवी आहे: एक्स-५ ला विंटर टायर, १९ इंची घ्यावेत की २१ इंचीच ठेवावेत? (म्युनिक)

इसारकाठ:
नमस्कार मंडळी,
गाडी बीएमडब्ल्यू एक्स-५ (जी-०५), एक्सड्राइव्ह ३०डी (चारही चाकांना ओढ, डिझेल), २०२० चं मॉडेल. एम स्पोर्ट ब्रेक आहेत, एअर सस्पेन्शन नाही. सध्या उन्हाळी रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर) आहेत: पुढे २७५/४० आर २१, मागे ३१५/३५ आर २१ (रुंदी मिमीत / भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, मग रिमचे इंच). फारत्सॉइगशाइनवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) कमाल वेग ताशी २३०.

वापर रोज शहरात, आणि हिवाळ्यात बहुतेक शनिवार-रविवार आल्प्समध्ये, गार्मिश किंवा ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक. चार माणसं, सामान, वर स्कीबॉक्स.

याच २१ इंची रिमवर विंटर टायर चढवावेत, की लहान चाकांचा वेगळा सेट घ्यावा? जुन्या एक्स-५ चा (एफ-१५) १९ इंची सेट टायरसकट स्वस्तात मिळतो आहे, तो चालेल का? आणि स्पीड इंडेक्स एच पुरेल की व्हीच हवा?

तेराचा_पाना:
आधी त्या स्वस्त सेटचं बघू, कारण तिथेच पैसे बुडतील. तो सेट घेऊ नका.

एफ-१५ च्या रिमला पाच बोल्ट १२० मिमीच्या वर्तुळावर असतात आणि मधलं भोक ७४.१ मिमीचं. जी-०५ पासून बीएमडब्ल्यूने ते ५ × ११२ आणि ६६.६ केलं. दोन्ही गाड्यांचं नाव एक्स-५, दोन्ही रिम १९ इंची, तरी एकीची रिम दुसरीला बसत नाही. मध्ये अडॅप्टर घालून बसवता येते असं कुणी सांगेल. पण अडॅप्टरच्या जाडीएवढं चाक बाहेर येतं, ईटी (रिमचा ऑफसेट) बदलतो, बेअरिंगवरचा भार वाढतो आणि ट्यूफची (गाड्या तपासणारी संस्था) मंजुरी वेगळी काढावी लागते.

उलटी चूकही होते. ऑडीच्या रिमसुद्धा ५ × ११२ असतात, भोक ६६.५, म्हणून "बसतात की" असं वाटतं. पण ऑडीच्या बोल्टची बैठक गोलाकार आणि आटे एम १४ × १.५, तर तुमच्या गाडीचे बोल्ट एम १४ × १.२५, बैठक शंकूची. शंकूचा बोल्ट गोल बैठकीत कडेकडेनंच टेकतो. पाना टॉर्क दाखवतो, प्रत्यक्षात पकड नसते आणि बोल्ट हळूहळू सैल होतो.

हिमरेषा:
साइझबद्दल माझं मत स्पष्ट आहे: चारही चाकांना २६५/५० आर १९, ९ इंच रुंदीच्या रिमवर.

व्यासाचा हिशेब करून बघा. २७५/४० आर २१ चा व्यास सुमारे ७५३ मिमी, ३१५/३५ आर २१ चा ७५४. २६५/५० आर १९ चा ७४८. म्हणजे फरक एक टक्क्याहून कमी. पण टायरची भिंत ११० मिमीवरून १३२ वर जाते. बर्फाखाली झाकलेला खड्डा किंवा फुटपाथची कड लागली की ही २२ मिमी रिम वाचवते. शिवाय ३१५ रुंदीचा टायर पातळ चिखलबर्फावर तरंगायला लागतो. अरुंद टायर तो कापून खाली रस्त्याला टेकतो.

मला याहून मोठं कारण वाटतं ते झिजेचं. पुढे-मागे वेगळी रुंदी असली की पुढचे टायर मागे टाकता येत नाहीत. एक्सड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या घेरात फरक वाढत गेला तर ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत ओढ वाटणारा भाग) क्लच विनाकारण घासत राहतो. चारही सारखे असले की दर हिवाळ्याला त्याच बाजूला पुढचा मागे, मागचा पुढे करायचा. विंटर टायरची नक्षी बहुधा एकाच दिशेची असते, म्हणून बाजू बदलायची नाही.

१८ इंचीचा (२५५/५५ आर १८) मोह एम स्पोर्ट ब्रेकमुळे सोडा, कॅलिपरला जागा अपुरी पडू शकते. फारत्सॉइगशाइनवर एकच साइझ छापलेला असतो, बाकीचे मंजूर साइझ सीओसीच्या (गाडीच्या युरोपीय मंजुरीचा दाखला) कागदात. १९ तिथे आहे ना, ते विकत घेण्याआधी बघा.

सह्याद्रीचा_वारा:
एक शंका. गाडी चारही चाकांनी ओढते, तर विंटर टायर एवढे लागतात का? ऑल-सीझन चालणार नाहीत?

हिमरेषा:
चारही चाकांची ओढ निघताना आणि चढावर कामाला येते. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. थांबायला आणि वळायला फक्त रबर उपयोगी पडतं, आणि सव्वादोन टनांची गाडी उतारावर थांबवायची आहे. ऑल-सीझनच्या बाजूवर डोंगराचं चिन्ह असेल, म्हणजे तीन शिखरं आणि आत हिमकण, तर कायद्याला चालतात. नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेले जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून विंटर टायर मानले जात नाहीत. पण दर आठवड्याला आल्प्समध्ये जाणाऱ्या एवढ्या जड गाडीला मी ते सुचवणार नाही.

उत्तर युरोपसाठीचे फार मऊ, बर्फाच्या काचेवर धरणारे टायरही घेऊ नका. लेबलवर त्यांना बर्फाच्या सुळक्याचं वेगळं चिन्ह असतं. ओल्या आउटोबानवर (जर्मन महामार्ग) त्यांचं ब्रेकिंग मागे पडतं. तुम्हाला मध्य युरोपासाठी बनवलेला टायर हवा.

इसारकाठ:
पटलं, एफ-१५ चा सेट रद्द. २० इंचीला कुणाची हरकत? दिसायला १९ फार लहान वाटतात. आणि एच-व्हीचं राहिलं.

कडेलोट_नको:
२० इंचीत पुढे २७५/४५, मागे ३०५/४० अशी जोडी मिळते. हिमरेषा यांच्याइतका मी तिला विरोध करणार नाही. आउटोबानवर गाडी जास्त घट्ट वाटते. पण इन्सब्रुकला जाणार असाल तर साखळ्यांचा विचार करा. एक्स-५ ला साखळ्या फक्त मागच्या चाकांना, तेही जोडीनंच, आणि ताशी ५० च्या वर जायचं नाही. कोणत्या साइझला चालतात ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे. मागचे रुंद टायर त्यात येत नाहीत. आत सस्पेन्शनपाशी बोटभरही जागा उरत नाही. त्यामुळे तुमच्या वापराला माझंही मत १९ लाच.

एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. तुमची गाडी २३० ची, तरी जर्मनीत विंटर टायर एच चालतो. फक्त चालकाच्या नजरेसमोर २१० चं स्टिकर लावायचं आणि तेवढ्यावर राहायचं. लोड इंडेक्स मात्र कमी करायचा नाही. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, एका अ‍ॅक्सलला २१२०. बाजूवर एक्सएल (जास्त भाराचा टायर) लिहिलेलं बघा. स्कीबॉक्ससकट भरलेल्या गाडीला इथे काटकसर नको.

ऑस्ट्रियाचा नियम वेगळा आहे. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा निसरडं असेल तर विंटर टायर सक्तीचे, आणि नक्षी किमान ४ मिमी. त्याखाली गेला की तो कायद्यानं विंटर टायर उरतच नाही. जर्मनीत किमान १.६ मिमी, पण चारच्या खाली बर्फातली पकड फार घसरते, म्हणून दोन्हीकडे चारच धरून चाला. जर्मनीत तारखा ठरलेल्या नाहीत, रस्ता तसा असेल तर सक्ती. न पाळल्यास ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गला, चालकांच्या गुन्ह्यांच्या नोंदवहीत, एक पॉइंट. इथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर म्हणतात. आपल्याला दसरा ते गुढीपाडवा लक्षात ठेवायला सोपं.

तेराचा_पाना:
रिम घेताना अजून दोन गोष्टी. लेथवर चकाकी दिलेली, दुरंगी रिम हिवाळ्यात नको. कडेला लाखेचा थर पातळ असतो, खड्याचा एक टवका उडाला की मीठ आत शिरतं आणि लाखेखाली पांढऱ्या रेघा पसरतात. पूर्ण रंगवलेली साधी रिम घ्या, धुवायलाही सोपी. बाहेरच्या कंपनीची असेल तर तिच्या आबेएत (रिमचा सरसकट मंजुरीचा कागद) जी-०५, तुमचा टायर साइझ आणि त्याखालच्या अटी वाचा. नुसतं टाइलगुटाख्टन (सुट्या भागाचा तपासणी अहवाल) असेल तर ट्यूफकडे जावंच लागेल.

सेटमध्ये हवेच्या दाबाचे सेन्सर हवेतच, ४३३ मेगाहर्ट्झचे. नसतील तर दिवा लागून राहतो आणि एचयूला (गाडीची ठरावीक मुदतीची सक्तीची तपासणी) दोष म्हणून नोंद होते. चाकं बदलल्यावर आयड्राइव्हमध्ये (गाडीचा स्क्रीन) टायरच्या सेटिंगमध्ये विंटर आणि योग्य साइझ निवडा, मग थोडं चालवा; सेन्सर गाडी स्वतः ओळखते. साइझ जुनाच राहिला तर ती चुकीच्या दाबाशी तुलना करत बसते. हवा टायर थंड असताना भरा, आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर आहे. दर १० अंशांना दाब साधारण ०.१ बार उतरतो, म्हणून गरम गॅरेजमध्ये भरलेली हवा पहिल्या कडाक्याच्या सकाळी कमी दिसते.

रनफ्लॅट नसलेले घेतलेत तर डिकीत पंक्चर बुजवणारा फोम आणि कॉम्प्रेसर ठेवा. स्टेपनी आहे असं गृहीत धरू नका.

इसारकाठ:
फार उपयोग झाला. १९ इंची, व्ही इंडेक्स, चारही सारखे, असं ठरवतो. चाकं घरीच बदलायची तर काय सांभाळू?

तेराचा_पाना:
हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशनं पूर्ण काढा. पापुद्रा राहिला की चाक सपाट बसत नाही, ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंग करून घेतात. मधल्या कड्यावर सिरॅमिक पेस्टचा अगदी पातळ हात द्या, नाहीतर मिठामुळे अ‍ॅल्युमिनियम हबला चिकटतं आणि पाडव्याला चाक निघत नाही. बोल्टच्या आट्यांना आणि शंकूला मात्र काही लावायचं नाही. वंगण लागलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. पाचही बोल्ट हातानं आटे धरेपर्यंत, मग चांदणीच्या क्रमानं, गाडी खाली टेकवून १४० न्यूटन-मीटर. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पाना लावा.

काढलेल्या चाकांवर खडूनं पुढचा डावा, मागचा उजवा असं लिहा. रिमसकट असतील तर हवा थोडी वाढवून एकावर एक आडवी रचा किंवा टांगा, अंधाऱ्या कोरड्या जागी.